पाऊस रुसला : कारण आतले की बाहेरचे?

२०२३ सालचा ऑगस्ट आठवतो का? आमच्या मराठवाड्यात सोयाबीन ऐन फुलोऱ्यात होते आणि आभाळ कोरडे ठाक. तीन आठवडे थेंब नाही. शेवटी मशिदीतून एलान झाला आणि गावातली पुरुषमंडळी इस्तिस्काच्या नमाजसाठी, म्हणजे पावसासाठी पढायच्या नमाजसाठी, ईदगाहवर गेली. लहान मुलांनाही सोबत नेले होते. परतली तेव्हा सुन्नतप्रमाणे उलट्या पांघरलेल्या चादरी तशाच खांद्यावर होत्या. दालानात चहा झाला आणि बोलणे सुरू झाले.

सासरे म्हणाले, "आपलेच गुनाह आहेत. दुसरं काय?"

धाकटे दीर म्हणाले, "अब्बा, हे ग्लोबल वॉर्मिंग आहे. पाऊस आता असाच राहणार. मी तर म्हणतो, ओढ्याकाठची तीन एकर विकून टाकू आणि शहरात दुकान बघू."

नणंदेचा मुलगा मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, "मामू, एल निनो आहे. इथं लिहिलंय."

एका पावसाची तीन कारणे. सासरे माझ्याकडे वळले. "बेटा, तू मुलांना भूगोल शिकवतेस. तूच सांग, यातलं खरं कोणतं?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. वर्गात एल निनो मी अर्ध्या तासात उरकते. पण इथे तीन एकर जमिनीचा प्रश्न होता. दिरांचे म्हणणे खरे असेल तर विकणे शहाणपणाचे. नसेल तर वाडवडिलांची जमीन एका कोरड्या महिन्याच्या रागात जाणार. म्हणून पुढचे काही महिने मिळेल ते वाचत बसले. त्यातून जे उमगले ते इथे मांडते, कारण अशी चर्चा फक्त आमच्याच दालानात झाली असेल असे मला वाटत नाही.

पातेल्यातली उकळी

डाळ शिजत ठेवलेले पातेले डोळ्यांसमोर आणा. ज्योत एकसारखी आहे, कोणी पळी फिरवत नाही. तरी डाळ कधी या बाजूने उसळते, कधी त्या बाजूने. एखादी उकळी काठापर्यंत येते आणि परत बसते. ही उसळी कुणी बाहेरून दिलेली नाही. तळाची गरम डाळ वर येते, वरची गार डाळ खाली जाते आणि त्यांच्या आपसातल्या उलाढालीतून ती तयार होते. हे आतले कारण. आता कोणी येऊन गॅस मोठा केला किंवा पातेल्यावर ताट झाकले तर सगळ्या पातेल्याचीच गत बदलेल. ते बाहेरचे कारण.

हवामानाचेही तसेच आहे. समुद्र, वारे, ढग, बर्फ, जमिनीतली ओल हे सगळे पातेल्यातले. सूर्याची उष्णता, पृथ्वीची कक्षा, ज्वालामुखी आणि माणसाने हवेत सोडलेले वायू हे पातेल्याबाहेरचे. ज्वालामुखी तर पृथ्वीवरच असतो, मग तो बाहेरचा कसा, असे एकदा एका विद्यार्थिनीने विचारले होते. प्रश्न चांगला आहे. इथे बाहेरचे म्हणजे आकाशातले नव्हे. जे हवा-पाण्याला ढकलते पण स्वतः हवा-पाण्याच्या सांगण्यावरून चालत नाही, ते बाहेरचे. पाऊस कमी पडला म्हणून काही ज्वालामुखी फुटत नाही.

आतली उसळी किती लहरी असते याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९६१ साली अमेरिकेतले हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवेची गणिते करत होते. एक गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ इतकाच आकडा भरला. फरक हजारात एकाहूनही कमी. तरी संगणकातल्या हवेचे पुढचे काही आठवडे मूळ उत्तरापासून पार वेगळे निघाले. बाहेरून कशानेही धक्का दिलेला नव्हता. कोणत्या तारखेला कुठे पाऊस पडेल हे साधारण दोन आठवड्यांपलीकडे कोणालाच का सांगता येत नाही, त्याचे मूळ इथे आहे. महिनाभर आधी तारखेनिशी पाऊस सांगणारे संदेश फोनवर फिरतात ना, ते पुढे पाठवू नका एवढीच विनंती.

पेरूच्या कोळ्यांनी दिलेले नाव

आतल्या कारणांतले सर्वांत बलवान म्हणजे एल निनो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी एरवी थंड असते आणि मासळी भरपूर मिळते. पण काही वर्षी नाताळाच्या सुमारास पाणी कोमट व्हायचे आणि मासळी गायब व्हायची. नाताळाची वेळ म्हणून तिथल्या कोळ्यांनी या पाण्याला एल निनो, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. आपण ज्यांना हजरत ईसा (अलै.) म्हणतो त्यांचे बालपणीचे नाव पेरूच्या कोळ्यांमार्फत आपल्या पीकपाण्याच्या बातम्यांत आले, हे किती जणांना ठाऊक असेल?

घडते ते असे. पॅसिफिक महासागरावर विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते उन्हाने तापलेले वरचे पाणी ढकलत इंडोनेशियाकडे नेतात. तिकडे पाण्याची पातळी पेरूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. गरम पाण्यावरची हवा वर चढते, ढग होतात, भरपूर पाऊस पडतो. काही वर्षी हे वारे ढिले पडतात. मग ढकलून नेलेले गरम पाणी पूर्वेकडे परत पसरते आणि पावसाचे ढगही त्याच्यामागे जातात. गरम पाणी पूर्वेला गेले की वारे आणखी ढिले होतात, वारे ढिले झाले की पाणी आणखी पूर्वेला जाते. सासू-सुनेच्या भांडणासारखे आहे. सुरुवात कोणी केली हे विचारण्यात अर्थ नसतो. या उलाढालीत हवा वर चढण्याच्या जागा बदलतात, आपल्या बाजूला ती खाली दबते आणि ढग उभे राहायला अडचण होते. दर दोन ते सात वर्षांनी हे होते, त्यासाठी सूर्य बदलावा लागत नाही की ज्वालामुखी फुटावा लागत नाही.

या कोड्याचा मोठा भाग भारतात सुटला. १८७७ मध्ये पाऊस बुडाला आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. भारतीय हवामान खाते त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७५ मध्ये, सुरू झाले होते. पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे केंब्रिजचे गणिती या खात्याच्या प्रमुखपदी आले. हवामानाचा त्यांना अनुभव नव्हता. पण त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवले आणि हिंदी कारकुनांच्या मदतीने वर्षानुवर्षे हाताने गणिते करवून घेतली. त्यातून दिसले की पॅसिफिकच्या एका टोकाला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या टोकाला तो कमी होतो, तराजूच्या पारड्यांसारखा, आणि आपला मान्सून या तराजूशी बांधलेला आहे. त्या कारकुनांची नावे शोधली, पटकन सापडत नाहीत. हा तराजू आणि पेरूचे कोमट पाणी ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत हे याकोब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये मांडले. वॉकर यांच्या काळात खात्याचे मुख्यालय सिमल्याला होते. १९२८ मध्ये ते पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या वेधशाळेला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. आणि मान्सून हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातल्या मौसमचाच भाऊ आहे. अरबी दर्यावर्दी ज्या वाऱ्यांच्या भरवशावर जहाजे हाकत त्या ऋतूला ते मौसिम म्हणत. पोर्तुगीजांनी तो उचलला, इंग्रजांनी त्यांच्याकडून घेतला आणि तो फिरून आपल्याकडे आला.

माझी अम्मी बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी सांगते. रस्त्याच्या कामावर बायाबापड्यांनी फोडलेली खडी, मुलांना मिळणारी सुकडी, बाहेरदेशातून आलेली लाल मिलो, जिची भाकरी घशाखाली उतरत नसे. १९७२ हेही एल निनोचेच वर्ष होते.

म्हणजे एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच? नाही. इथेच मोबाईलमधल्या दोन ओळी फसवतात. १९९७ चा एल निनो गेल्या शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक होता. सगळे धास्तावले होते. पण त्या वर्षी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. उलट २००२ चा एल निनो त्याच्यापेक्षा कितीतरी सौम्य, तरी जुलैमध्ये पाऊस जवळजवळ निम्म्यावर आला आणि देशभर दुष्काळ पडला. १९९७ च्या कोड्याचे एक उत्तर आपल्याच हिंदी महासागरात होते. या महासागराची आफ्रिकेकडची बाजू कधी तापते आणि इंडोनेशियाकडची गार होते, कधी उलटे. पहिल्या प्रकारात आपल्याकडे पावसाला बळ मिळते. १९९७ मध्ये तसेच झाले होते. हा झोका एन. एच. साजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जगापुढे मांडला; आपण त्याला हिंदी महासागर द्विध्रुव म्हणतो.

शिवाय एक तिसरी, जलद चालणारी लहर आहे. ढगांचा एक मोठा पट्टा विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकत तीस ते साठ दिवसांत पृथ्वीला फेरी घालतो. साधारण एक चिल्ला धरा. मॅडन आणि जूलियन या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ती ओळखली, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. तिचा ढगाळ भाग हिंदी महासागरात असला की आपल्याकडे झड लागते. तो दूर गेला की उघडीप. ऑगस्ट २०२३ मध्ये एल निनो होता आणि ही लहरही प्रतिकूल जागी होती. दोन्ही एकदम आले. त्या महिन्यात देशात ३६ टक्के पाऊस कमी पडला. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. आणि लगेच सप्टेंबरमध्ये सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त! पूर्ण हंगाम ९४ टक्क्यांवर थांबला. आमचे सोयाबीन मात्र तोपर्यंत गेले होते. टक्केवारीला शेंगा लागत नाहीत.

गुनाह आणि ग्रहण

सासऱ्यांचे बोलणे मी टाळून पुढे जाणार नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम यांचे लहानपणीच निधन झाले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या जाण्याने सूर्य झाकोळला. बाप दुःखात होता, लोक जे म्हणत होते ते प्रेमाने म्हणत होते. तरीही पैगंबरांनी ते तिथेच थांबवले. सूर्य आणि चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्मामरणाने त्यांना ग्रहण लागत नाही, आणि ग्रहण पाहाल तेव्हा नमाज पढा, दुआ करा, अशा अर्थाची ती हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. मला तिच्यात दोन गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात. ग्रहणाचे कारण मनाला वाटेल तिथे चिकटवायचे नाही. आणि नमाजही सोडायची नाही.

इस्तिस्काची नमाज ही बंदगी आहे. ती पावसाची कारणमीमांसा नाही. हिजरी १८ मध्ये अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला, ज्याला राखेचे वर्ष म्हणतात. हजरत उमर (रजि.) यांनी हजरत अब्बास (रजि.) यांना पुढे करून पावसासाठी दुआ केली, आणि त्याच वेळी शामकडून धान्याचे उंट मदिनेत आणवले. लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप खाल्ले नाही. मी हे सासऱ्यांना सांगितले तेव्हा ते काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे दोन्ही करायचं." मी म्हटले, "जी अब्बा."

बाहेरून बसणारे धक्के

बाहेरच्या कारणांत सर्वांत स्पष्ट दिसणारा धक्का ज्वालामुखीचा. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तंबोरा ज्वालामुखी फुटला. बेटावर तेव्हा छोट्या छोट्या सल्तनती होत्या. डोंगराच्या पायथ्याची तंबोरा आणि पेकात ही दोन राज्ये माणसांसकट नकाशावरून पुसली गेली. पुढच्या वर्षी, १८१६ मध्ये, युरोपात उन्हाळा आलाच नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात जून महिन्यात बर्फ पडला, पिके गेली. सुंबावाचे नावही न ऐकलेल्या माणसांच्या ताटातली भाकरी त्या डोंगराने काढून घेतली. राख तर लवकर खाली बसते. पण ज्वालामुखीतून निघालेला गंधकाचा वायू ढगांच्याही वर जातो, तिथे त्याचे बारीक थेंब होतात आणि ते ऊन परतवतात. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला तेव्हा हे उपकरणांनी मोजता आले. पुढच्या वर्षात जगाचे तापमान सुमारे अर्धा अंश उतरले. दोन-तीन वर्षांत थेंब खाली आले आणि परिणाम संपला.

सूर्याचे तेज दर अकरा वर्षांच्या फेरीत कमी-जास्त होते, पण फक्त हजारात एक भाग इतकेच. पृथ्वीची कक्षा आणि अक्षाचा कल यांतले बदल फार मोठे परिणाम करतात, मात्र त्यांना हजारो वर्षे लागतात. सात-आठ हजार वर्षांपूर्वी सहारात गवताळ कुरणे आणि तळी होती, कारण तेव्हा उत्तरेकडच्या उन्हाळ्यात सूर्य पृथ्वीला अधिक जवळ असे आणि मोसमी पाऊस वाळवंटात खोलवर जाई. अरबस्तानातल्या नफूद वाळवंटात त्याहूनही जुन्या काळातली पाणघोड्यांची हाडे सापडली आहेत. पाणघोडा पाण्यावाचून राहत नाही, म्हणजे तिथे बारमाही पाणी होते! अरबस्तानच्या हिरवळीविषयीची हदीस अनेकांना माहीत असते आणि या हाडांची बातमी आली की ती फिरू लागते. तिचा अर्थ उलेमांनी सांगावा. मी भूगोलाची बाजू तेवढी सांगितली.

उरला माणूस. कारखाने सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ४२० च्या पुढे आहेत. हे पातेल्यावर सरकवलेले ताट. गंमत अशी की धुराड्यांतला धूर ज्वालामुखीसारखे ऊन अडवून उलट्या दिशेनेही ढकलतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आपला मान्सून काहीसा मंदावला त्यात या धुराचा हात असल्याचे अनेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे माणूस एका हाताने तापवतो, दुसऱ्या हाताने झाकोळतो.

पण ही तापमानवाढ बाहेरचीच कशावरून? समुद्रानेच आपली उष्णता बाहेर टाकली नसेल कशावरून? ही शंका मलाही होती, आणि ती फिटली ती स्वयंपाकघरातल्या डब्यांनी. अम्मी पैसे दोन डब्यांत ठेवायची, तांदळाच्या आणि डाळीच्या. डाळीच्या डब्यात पैसे वाढले आणि तांदळाच्या डब्यातले तेवढेच कमी झाले तर समजायचे, इकडचे तिकडे केले आहेत. पण दोन्ही डब्यांत पैसे वाढत असतील तर? तर घरात बाहेरून पैसा येतो आहे. समुद्र आणि हवा हे ते दोन डबे. नुसती आतली उलाढाल असती तर हवा तापताना समुद्र गार व्हायला हवा होता. मोजमाप सांगते की समुद्रही तापतो आहे, आणि साठणाऱ्या जादा उष्णतेतला नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा तोच गिळतो आहे.

मग बाहेरचे म्हणजे सूर्य तर नाही? सूर्य प्रखर झाला असता तर हवेचे वरपासून खालपर्यंत सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीजवळची हवा तापते आहे आणि वरचा थर, जिथे ओझोन असतो तो, गार होतो आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला तर असेच होईल हे स्युकुरो मनाबे यांनी १९६७ मध्येच गणिताने दाखवले होते. आतल्या लहरींच्या गोंगाटातून बाहेरच्या धक्क्याचा ठसा कसा ओळखायचा याची रीत क्लाउस हासेलमान यांनी घालून दिली. २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांत हे दोघे होते.

मे महिन्यातला रोजा

आपल्या हिजरी वर्षामुळे आपल्या घरांत एक मोजपट्टी आपोआप आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि बत्तीस-तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. माझा पहिला रोजा १९८६ च्या मे महिन्यातला. दुपारी ओली ओढणी डोक्यावर घेऊन माठाशेजारी बसले होते ते आठवते. माझ्या मुलीने पहिला रोजा धरला तो २०१८ मध्ये, पुन्हा मे महिन्यात. सासरे तेव्हा म्हणाले, या वेळची गरमी जास्त आहे. असेलही. पण दोन मे महिन्यांची तुलना करून काही सिद्ध होत नाही. एखाद्या वर्षी वळीव चांगला झाला की मे सुसह्य जातो, नाही झाला की जाळतो. एकेका वर्षाची गोष्ट ती हवा. जागतिक हवामान संघटना हवामान ठरवायला तीस वर्षांची सरासरी धरते, म्हणजे जवळजवळ रमजानची एक पूर्ण फेरी. आतल्या लहरी इतक्या काळात बऱ्याचशा एकमेकींना खोडून काढतात आणि बाहेरचा जोर शिल्लक दिसतो.

तो कसा दिसतो ते सांगते. १९९८ हे बलवान एल निनोने तापवलेले वर्ष होते, तेव्हा तो उच्चांक होता. २०२२ मध्ये त्याच्या उलटी स्थिती होती, ला निना, जी जगाला थोडे गार करते. तरी २०२२ हे १९९८ पेक्षा गरम ठरले. आतली लहर खाली असतानाही पातळी जुन्या वरच्या लहरीहून उंच. आणि २०२४ मध्ये नुकत्याच सरलेल्या एल निनोची ऊब या चढलेल्या पातळीवर बसली तेव्हा जगाचे तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे दीड अंश वर गेले. सर्वांत गरम वर्ष. त्यात आतला वाटा होता आणि बाहेरचाही. सगळे खापर एकावर फोडणारी बातमी अर्धीच सांगते.

पावसाबाबत हाच हिशेब जरा अवघड आहे, कारण पावसात आतल्या लहरी फार मोठ्या असतात. तरी एक गोष्ट पुढे आली आहे. गरम हवा जास्त बाष्प धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच पट्ट्यात एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. मधल्या उघडिपी वाढायच्या आणि पडला की ओतायचे.

आता तीन एकर. मी दिरांना सांगितले, "ऑगस्टचा कोरडेपणा मुख्यतः आतल्या लहरींचा होता. तो दरवर्षी येईल असं धरून जमीन विकू नका. पण पाऊस पूर्वीसारखा बेताबेताने पडेल असंही धरू नका. बदलतंय ते पडण्याची रीत." ते म्हणाले, "भाभी, तुमचं उत्तर इकडचं पण नाही, तिकडचं पण नाही." मला ते मान्य आहे. गिऱ्हाईक काही दिवस येत राहिले. सौदा झाला नाही, त्यात माझ्या भूगोलापेक्षा भावाच्या घासाघिशीचा वाटा मोठा होता.

२०२४ मध्ये देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला. सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात इतका कोसळला की परभणी, हिंगोली, नांदेडकडे गावांना वेढे पडले. आमचा ओढाही पात्राबाहेर आला. मागच्या वर्षी जळालेले तेच शेत, या वर्षी गुडघाभर पाण्यात. दिरांनी बांधावरून फोन केला. "भाभी, आता हे आतलं का बाहेरचं?"

मी म्हटले, "एका दिवसाचं मला सांगता येणार नाही. आधी पाणी काढायला चर खोदा."

त्यांनी चर खोदला, अर्धे पीक वाचले. त्यानंतरच्या हंगामात सपाट पेरण्याऐवजी रुंद वरंब्यावर सोयाबीन टोकले. उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते, ओतला तर सरीतून पाणी निघून जाते. सासरे काठी टेकत बघायला गेले होते. खाली वाकून वरंब्यातली माती मुठीत दाबून पाहिली आणि म्हणाले, "ओल आहे."